मॅनेज्ड डेटाबेस घेताय? वाईट दिवशी काय होईल, ते आधी विचारा

(हा आमच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय तर' शक्य तेवढे गाळलेत. उरलेले चालवून घ्या.)

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. प्रश्न साधारण असा येतो : "आमच्या धंद्याचं ॲप आहे. डेटाबेस क्लाउडवर न्यायचाय. ॲमेझॉनचा घेऊ, मायक्रोसॉफ्टचा घेऊ, की गूगलचा?"

मी आधीच सांगून टाकतो, या तिघांपैकी एकाचं नाव घेऊन मी मोकळा होणार नाही. चांगल्या दिवशी तिन्ही चांगलेच चालतात. फरक कळतो तो वाईट दिवशी. डेटा चुकून उडतो, मशीन बंद पडतं, बिल तिप्पट येतं किंवा ज्याने सगळं सेट करून दिलं तो पोरगा बंगळुरूला नोकरीला जातो. म्हणून आज आपण सहा प्रश्न बघू. हे प्रश्न कुठल्याही कंपनीच्या सेवेला लावा आणि त्यांची उत्तरं कागदावर लिहा. निवड आपोआप सोपी होते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, कर्वेनगरमध्ये डब्यांचा व्यवसाय आहे. रोज हजारेक डबे जातात. ॲपमध्ये ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, कुणाला कांदा-लसूण नको, कुणाला डायबेटिसचा डबा, कुणाचे किती पैसे बाकी, हे सगळं आहे. सकाळी साडेनऊला त्यातून डिलिव्हरीच्या याद्या निघतात. डेटाबेस बंद तर याद्या बंद, आणि याद्या बंद तर डबे ओट्यावर. एवढं डोक्यात ठेवा.

मॅनेज्ड म्हणजे कोण काय सांभाळतं?

डेटाबेस चालवायचे दोन मार्ग. एक, मशीन आपलं किंवा भाड्याचं, त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल आपण टाकायचं आणि आपणच निगा राखायची. दुसरा, मॅनेज्ड सेवा. ॲमेझॉनने २००९ मध्ये आरडीएस नावाने ही सुरू केली. आज मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर आहे, गूगलची क्लाउड एसक्यूएल आहे आणि सुपाबेससारख्या नव्या कंपन्याही आहेत. तुम्ही चार बटणं दाबता, दहा-पंधरा मिनिटांत डेटाबेस तयार.

यात कंपनी काय करते? मशीन देते, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेसचे सिक्युरिटी पॅच टाकते, रोजचा बॅकअप घेते, डिस्क खराब झाली तर बदलते आणि जास्तीचे पैसे दिलेत तर दुसरं मशीन तयार ठेवते.

आणि काय करत नाही? तुमची क्वेरी हळू असेल तर ती सुधारत नाही. टेबलला इंडेक्स नसेल तर लावून देत नाही. पासवर्ड 'ॲडमिन१२३' ठेवलात तर शक्यतो अडवतही नाही. तुमच्याच माणसाने चुकून सगळे ग्राहक डिलीट केले, तर त्याने दिलेला हुकूम ती इमानेइतबारे पार पाडते.

सोसायटीतल्या लिफ्टचा एएमसी असतो ना, तसंच हे. लिफ्ट बंद पडली तर माणूस येतो, तेलपाणी करतो. पण लिफ्टमधून तुमच्या घरात कोण शिरलं, हे तो बघत नाही. मॅनेज्ड सेवा कष्ट घेते, जबाबदारी घेत नाही. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मग आपला सर्व्हर ऑफिसात ठेवलेला काय वाईट? पुणेकरांना हे सांगायला नको. भोसरी-चाकणकडे ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांना गुरुवार म्हणजे काय ते माहीत आहे : औद्योगिक सुट्टी आणि वीज देखभालीचा दिवस. यूपीएस तासभर टिकतो, त्यापुढे राम भरोसे. आणि २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढा फुटून वाहिला, सहकारनगर-अरण्येश्वर भागात पार्किंगमध्ये आणि तळमजल्यांत पाणी घुसलं, माणसं गेली. त्यापुढे सर्व्हरचं काय घेऊन बसलात! पण ज्यांची हिशेबाची मशिनं खालच्या मजल्यावर असतात, त्यांनी तो दिवस नियोजनात धरायलाच हवा. मॅनेज्ड सेवेचा खरा फायदा इथे आहे.

आता प्रश्न एकेक करून घेऊ.

प्रश्न पहिला : डेटा नक्की कुठल्या शहरात आहे?

क्लाउड म्हणजे ढग वगैरे काही नसतं. कुठल्या तरी शहरातली, भरपूर एसी लावलेली इमारत असते. मजा म्हणजे त्यातल्या काही आपल्या पुण्यातच आहेत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात ॲझ्युअरची तीन केंद्रं सुरू केली. त्यांतल्या 'सेंट्रल इंडिया'चा पत्ता पुणे आहे. नाव मध्य भारत, गाव पुणे! ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये आलं, हैदराबादचं २०२२ मध्ये. गूगलचं मुंबईत २०१७ पासून आणि दिल्लीत २०२१ पासून आहे.

अंतराने काय फरक पडतो? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. प्रत्यक्षात थोडे जास्त, पण जाणवणार नाहीत इतकेच. अमेरिकेतलं व्हर्जिनिया सुमारे तेरा हजार किलोमीटर. तिथे जाऊन यायला निव्वळ प्रकाशालाच १३० मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे. ॲपचा सर्व्हर मुंबईत आणि डेटाबेस व्हर्जिनियात असेल आणि एक स्क्रीन उघडताना एकामागून एक वीस क्वेरी जात असतील, तर झाले चार सेकंद. तुम्ही स्वतः चार सेकंद थांबता का? नाही, ॲप बंद करता.

म्हणून नियम सोपा : ॲपचा सर्व्हर आणि डेटाबेस एकाच केंद्रात ठेवा, आणि ते केंद्र भारतात निवडा. फुकटच्या प्लॅनवर प्रोजेक्ट सुरू करताना केंद्र आपोआप अमेरिका किंवा सिंगापूर निवडलेलं असू शकतं. आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो आणि नंतर ते बदलायचं म्हणजे अख्खा डेटाबेस हलवावा लागतो.

याला कायद्याचीही बाजू आहे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि हिशेबाची पुस्तकं संगणकावर असतील, तर ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेल्या कंपनी नियमांनुसार त्यांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. ग्राहकाच्या कार्डाचा नंबर तर डेटाबेसमध्ये ठेवूच नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवता येत नाही, त्याजागी टोकन असतं. ते काम पेमेंट गेटवेवर सोडा.

प्रश्न दुसरा : किती वेळ बंद राहिलं तर चालेल, आणि किती डेटा गेला तर चालेल?

हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि उत्तर कंपनीने नाही, तुम्ही द्यायचं आहे. डब्यांच्या उदाहरणात : दुपारी तीनला दोन तास बंद राहिलं तर कुणाला कळणारही नाही. सकाळी साडेनऊला अर्धा तास म्हणजे हजार फोन. डेटाचं म्हणाल, तर कालची एखादी ऑर्डर गेली तर फोन करून विचारता येईल. पण महिन्याची उधारी गेली तर कुणाला काय विचारणार?

आता कंपन्या जी टक्केवारी देतात ती बघा. ९९.९ टक्के ऐकायला दहावीच्या निकालासारखं छान वाटतं. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९ म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.९५ म्हणजे साधारण २१ मिनिटं. ९९.९९ म्हणजे चार मिनिटांच्या थोडं वर. आणि ९९.५ असेल तर २१६ मिनिटं, साडेतीन तासांहून जास्त. दशांशानंतरच्या आकड्यासाठी किती पैसे मोजायचे, ते आता तुमच्या साडेनऊच्या यादीवरून ठरवा.

दोन बारकावे. एक, ही टक्केवारी म्हणजे 'बंद पडणारच नाही' असं वचन नव्हे. ती मोडली तर बिलात थोडी सूट मिळते, इतकंच. वाया गेलेल्या भाजीचे पैसे कुणी देत नाही. दोन, वरची टक्केवारी बहुतेकदा तेव्हाच लागू होते, जेव्हा तुम्ही दुसऱ्या इमारतीत जोडीचं मशीन ठेवता. आरडीएसवर याला मल्टी-एझेड म्हणतात. एक मशीन पडलं की दुसरं काम उचलतं, साधारण मिनिट-दोन मिनिटांत. पण मशीनचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो.

आणि इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. जोडीचं मशीन म्हणजे बॅकअप नव्हे! ते पहिल्याची हुबेहूब नक्कल करतं. पहिल्यावर कुणी चुकून 'सगळे ग्राहक डिलीट' चालवलं, तर दुसऱ्यावरूनही ते त्याच क्षणी डिलीट होतात. मशीन बिघडण्यावर जोडीचं मशीन हा उपाय, माणूस चुकण्यावर बॅकअप हा उपाय. दोन्ही आजार वेगळे, औषधंही वेगळी.

प्रश्न तिसरा : बॅकअप परत आणून पाहिलाय का?

मंडळी, आजच्या भागातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बॅकअप आहे, असं सगळेच सांगतात. तो परत आणून बघितलाय, असं सांगणारे फार कमी.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत काय झालं ते ऐका. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी, म्हणजे अडाणी लोक नव्हेत. रात्री उशिरा काम करताना एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, डिलीटचा हुकूम दिला. काही सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला गेले. पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने गुपचूप फसत होता, आणि फसल्याचे इशारे देणारे ईमेल पोचतच नव्हते. शेवटी कामी आली ती एका चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली नक्कल. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कौतुकाची गोष्ट अशी की त्यांनी हे सगळं जगासमोर उघड मांडलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. म्हणून आपल्याला शिकता येतंय.

मॅनेज्ड सेवेत बॅकअप कंपनी घेते, त्यामुळे तो फसण्याची शक्यता बरीच कमी. पण तरी चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, किती दिवस मागे जाता येतं? आरडीएस आणि ॲझ्युअरच्या पोस्टग्रेस सेवेत कमाल ३५ दिवस. आणि ती मुदत तुम्ही वाढवाल तेव्हाच, एरवी बऱ्याचदा सात दिवसच असते. चूक आठव्या दिवशी लक्षात आली तर? शिवाय जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. ३५ दिवसांचा बॅकअप तिथे काय कामाचा! दर महिन्याची एक पूर्ण प्रत वेगळी काढून ठेवावीच लागते.

दुसरी, नेमक्या मिनिटाला परत जाता येतं का? सकाळी ११:०७ ला चूक झाली तर मला ११:०६ चा डेटाबेस हवा, काल रात्रीचा नको. ही सोय बहुतेक मोठ्या सेवांत असते, पण छोट्या प्लॅनमध्ये असेलच असं नाही. विचारा.

तिसरी, परत आणल्यावर डेटाबेस कुठे उभा राहतो? आरडीएस आणि ॲझ्युअर दोन्हीकडे जुन्याच जागी नाही, नव्या पत्त्यावर नवा डेटाबेस तयार होतो. म्हणजे ॲपच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता घालावा लागतो. हे कुणाला करता येतं? त्याचा फोन नंबर कुणाकडे आहे? तो लोणावळ्याला ट्रेकला गेला असेल तर?

चौथी, डेटाबेसच डिलीट केला तर त्याचे बॅकअप राहतात का? आरडीएसवर डेटाबेस काढून टाकताना 'बॅकअप ठेवा' हे सांगावं लागतं, नाहीतर आपोआप घेतलेले बॅकअपही त्याच्याबरोबर जातात.

तेव्हा सेवा घ्यायच्या आधी, चाचणीच्या दिवसांतच, हे करून बघा. डेटाबेस उभा करा, खोटे हजार ग्राहक भरा, मुद्दाम एक टेबल उडवा, घड्याळ लावा आणि परत आणा. ॲप पुन्हा चालू व्हायला किती मिनिटं लागली, ते लिहून ठेवा. जाहिरातीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा एक आकडा मोलाचा, कारण तो तुमचा आहे. पुढे दर तीन महिन्यांनी एका शांत दुपारी हीच तालीम करा. गणपतीत ढोल-ताशा पथक सुद्धा मिरवणुकीआधी दोन महिने नदीकाठी सराव करतं!

प्रश्न चौथा : बिलात काय काय येतं?

किमतींच्या पानावर दिसतो तो मशीनचा तासाचा दर. महिन्याचे ७३० तास धरून गुणाकार केला की आपण खूश. पण बिलात आणखी मंडळी असतात : डिस्कची जागा, काही ठिकाणी डिस्कवर होणाऱ्या वाचन-लेखनाचे पैसे, ठरावीक मर्यादेपलीकडचा बॅकअप, केंद्राबाहेर जाणारा डेटा, जोडीचं मशीन आणि सपोर्टचा प्लॅन. वर १८ टक्के जीएसटी. तुमची नोंदणी असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळेल, नसेल तर खिशातून. दर मुळात डॉलरमध्ये ठरत असेल, तर रुपया घसरला की काही न करताही बिल वाढतं.

तीन सापळे मुद्दाम सांगतो.

छोटं स्वस्त मशीन. तुमच्या मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीसारखं याचं गणित असतं. निवांत असताना सीपीयूचं क्रेडिट साठतं, कामाच्या वेळी ते खर्च होतं. संपलं की एक तर वेग पडतो, नाहीतर जास्तीचे पैसे लागतात. एरवी मस्त चालणारं मशीन दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की नेमकं तेव्हाच दमतं. म्हणून चाचणी करताना सरासरी दिवसाची करू नका, फराळाच्या आठवड्याची करा.

बंद ठेवलेला डेटाबेस. चाचणीचा डेटाबेस आरडीएसवर बंद करून ठेवलात तरी सात दिवसांनी तो आपोआप चालू होतो, आणि मीटरही. शिवाय बंद असतानाही डिस्कचे पैसे लागतच असतात. नको असेल तर प्रत काढून घ्या आणि डिलीट करा.

जुनी आवृत्ती. मायएसक्यूएल ५.७ ची मूळ मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ॲमेझॉनने मार्च २०२४ पासून त्या आवृत्तीवर राहणाऱ्यांना 'एक्स्टेंडेड सपोर्ट'चे वेगळे पैसे लावायला सुरुवात केली. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्तीसुद्धा साधारण पाच वर्षंच सांभाळली जाते. म्हणजे दर काही वर्षांनी आवृत्ती बदलण्याचं काम ठरलेलं आहे. ते अंदाजपत्रकात आत्ताच लिहा.

आणि पहिल्याच दिवशी बिलाचा अलार्म लावा. 'अमुक रुपये झाले की मला ईमेल कर.' पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न पाचवा : बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे?

कॉलेजात प्रोजेक्ट केलेल्यांना हेरोकू आठवत असेल. फुकट सर्व्हर, फुकट पोस्टग्रेस. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटचे प्लॅन बंद झाले. प्लॅनेटस्केलचा फुकटचा प्लॅन एप्रिल २०२४ मध्ये गेला. कंपन्यांची यात चूक नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण आपला धंदा त्यांच्या फुकटावर उभा असेल तर आपण काय करणार? सुपाबेसचा फुकटचा प्रोजेक्ट आठवडाभर वापरला नाही तर थांबवला जातो. शिकायला उत्तम, डब्यांच्या याद्यांना नाही.

बाहेर पडणं किती सोपं, हे तुम्ही कुठला डेटाबेस वापरता त्यावर ठरतं. साधा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल तर सगळा डेटा एका फाइलमध्ये काढून दुसरीकडे नेता येतो. एकाच कंपनीचा खास डेटाबेस, उदाहरणार्थ ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी, असेल तर डेटा काढता येतो, पण ॲपचा बराच कोड नव्याने लिहावा लागतो. खास डेटाबेस वाईट नसतात. काही कामांना तेच योग्य. पण गरज कळल्यावर त्यांच्याकडे जावं, फॅशन म्हणून नाही. पोस्टग्रेसचा आणखी एक फायदा : माणसं मिळतात. पोस्टग्रेसवरच उभी असलेली एंटरप्राइजडीबी कंपनी पुण्यात मोठं काम करते, आणि शहरात ही विद्या जाणणारे बरेच आहेत. अडल्यावर विचारायला माणूस असणं, हाही निवडीचा निकष आहे.

आणि एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवा. का? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगलवरचा प्रायव्हेट क्लाउड एका चुकीच्या सेटिंगमुळे डिलीट झाला. सहा लाखांहून जास्त सभासद, आणि जवळजवळ आठवडाभर खातं उघडेना. सावरताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअप कामी आले. त्याआधी मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची अख्खी इमारत जळाली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांचं सगळंच गेलं. दागिने आणि दागिन्यांची पावती एकाच कपाटात ठेवायची नसते, हे आपल्या आजीला कुठल्याही क्लाउडशिवाय माहीत होतं.

प्रश्न सहावा : चावी कुणाच्या खिशात आहे?

छोट्या धंद्यांत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. ॲप कुणी तरी फ्रीलान्सर करून देतो. क्लाउडचं खातं त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या फोनवर, कार्ड त्याचं. सुरुवातीला सोयीचं वाटतं. मग कधी पैशावरून वाद होतो, कधी त्याचं कार्ड एक्स्पायर होतं, कधी तो परदेशी जातो. आणि मालकाला कळतं की आपल्याच ग्राहकांची यादी आपल्या हातात नाही. यात कुणी चोर असायची गरज नसते. फक्त चावी चुकीच्या खिशात असते.

म्हणून मुख्य खातं धंद्याच्या ईमेलवर आणि मालकाच्या फोनवर. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू. काम करणाऱ्याला त्याच्या नावाचं वेगळं, मर्यादित खातं. डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, फक्त ॲपच्या सर्व्हरला दार उघडं. आणि काम संपलं की त्या माणसाचं खातं बंद. यात शंका घेण्याचा प्रश्नच नाही, भाडेकरू बदलला की आपण कुलूप बदलतोच ना?

आता कायदाही हेच म्हणतो. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्याने ग्राहकाचा डेटा गोळा केला, जबाबदारी त्याची. काम दुसऱ्या कंपनीकडे दिलं म्हणून ती टळत नाही. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. कर्वेनगरच्या डबेवाल्याला २५० कोटी कुणी लावणार नाही, हे मलाही कळतं. पण दंड सोडा. कोण एकटं राहतं, कोण किती वाजता घरी असतं, कुणाला डायबेटिस आहे, एवढं तुमच्या डेटाबेसला माहीत आहे. लोकांनी ते जेवणासाठी सांगितलंय, भरवशावर सांगितलंय.

मग घ्यायचं काय?

एवढं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, दादा, काहीतरी सांग की! ठीक आहे, माझं मत सांगतो.

धंदा नुकताच सुरू झालाय, ग्राहक शे-दोनशे : भारतातल्या केंद्रात छोटा, साधा पोस्टग्रेस घ्या. फुकटचा नको, कमीत कमी पैशांचा घ्या. जोडीचं मशीन नसलं तरी चालेल. पण बॅकअपची मुदत वाढवा आणि आठवड्याला एक प्रत दुसरीकडे काढा.

रोजचं काम डेटाबेसवर अडतं, वर उदाहरण दिलं तसं : जोडीचं मशीन घ्या, मिनिटाला परत जाण्याची सोय घ्या आणि परत आणायची तालीम करा. कंपनी ती निवडा, जिथे तुमच्या ॲपचा सर्व्हर आधीच आहे. केवळ डेटाबेस थोडा स्वस्त मिळतो म्हणून तो वेगळ्या कंपनीकडे नेऊ नका. वाचलेले पैसे डेटा इकडून तिकडे नेण्यातच जातात.

बँक, पतसंस्था, दवाखाना : इथे किंमत हा शेवटचा प्रश्न. कायद्याचा सल्ला आणि जाणकार माणूस आधी, सेवा नंतर.

आणि घरात जाणकार माणूस असेल, वेळ असेल, तर स्वतः चालवणंही चुकीचं नाही. फक्त त्याच्या पगाराचे तास धरून हिशेब करा. रात्री दोनला उठणाऱ्या माणसाचा दर कुठल्याच किमतींच्या पानावर नसतो.

तर या रविवारी एक काम करा. ज्यांचं ॲप आधीच चालू आहे त्यांनी एक कागद घ्या आणि सहा उत्तरं लिहा : डेटा कुठल्या शहरात, किती वेळ बंद चालेल, परत आणायला किती मिनिटं, बिलात काय काय, बाहेर कसं पडायचं, चावी कुणाकडे. ज्या प्रश्नापुढे जागा रिकामी राहील, सोमवारी तिथूनच सुरुवात करा.

पुढच्या भागात याच विषयाचा धागा पकडून बोलू : क्वेरी हळू का चालते आणि इंडेक्स म्हणजे काय. तुमची सहा उत्तरं आम्हाला जरूर कळवा. पासवर्ड मात्र कळवू नका! भेटूया, तोवर काळजी घ्या, आणि बॅकअपही घ्या.